आज कोण चाललं?

दाराशी यंत्र बसवलं त्याच संध्याकाळी कानसवालीनं त्याचं लाल बटण अकरा वेळा दाबलं.

यंत्राला तीन तोंडं होती. हिरवं हसरं, पिवळं मख्ख आणि लाल रडकं. घरी जाताना जो तो आपल्या मनासारखं तोंड दाबणार आणि वरच्यांना कळणार, की माणसं कामावर खूश आहेत की नाहीत. कल्पना वाईट नव्हती हो, पण यंत्राच्या बाजूला सुपरवायझर हाताची घडी घालून उभा! कोणाची टाप आहे लाल दाबायची? एकोणतीस माणसं हिरवं हसरं तोंड दाबून, स्वतःचं तोंड पाडून बाहेर पडली. तिसावी कानसवाली.

"बाई, एकदाच दाबायचं असतं," सुपरवायझर म्हणाला.

"एकदा माझं दाबलं. बाकीची दहा, ज्यांची बोटं घाबरली त्यांची," ती म्हणाली आणि चपला फटफटवत निघून गेली.

ही कार्यशाळा कृत्रिम पायांची. पाटीवर लांबलचक नाव होतं, ते कोणी घेत नसे. सगळे म्हणायचे पायशाळा. कानसवालीचे वडील इथे तीस वर्षं कानस चालवत होते. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांची कानस हिनं घेतली. तेव्हा पुरुष हसले होते. पुढे दोन वर्षांनी तेच पुरुष आपले अडलेले पाय हिच्याकडे आणू लागले. आता ती सेहेचाळीस वर्षांची होती, हाताला घट्टे पडलेले आणि जिभेला धार.

पायशाळेत एक रीत होती. एका माणसाचा पाय एकाच कारागिरानं करायचा. मापं घ्यायची, साचा काढायचा, सॉकेट घडवायचं, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती खोलगट वाटी. मग घासायचं, पट्टे शिवायचे, सगळं एकहाती. आणि पाय झाला की त्या माणसाला तो घालून पहिली फेरी मारायची. कार्यशाळेच्या दारापासून टोकाच्या खिडकीपर्यंतचा व्हरांडा, बावीस पावलं. माणूस पुढे चालणार आणि कारागीर त्याच्यासमोर, त्याच्याकडे तोंड करून, उलटा चालणार. हात पसरलेले, पण धरायचं नाही. नजर त्याच्या चेहऱ्यावर, कारण पाय कुठे टोचतो ते पायाआधी तोंडाला कळतं. पायशाळेत माणूस उलटं चालायला शिकला की कारागीर झाला, असं म्हणत.

आणि पहिल्या फेरीत लोक काय काय बोलायचे! कोणी रडायचं, कोणी ओरडायचं, चांगल्या घरच्या बायका अशा शिव्या हासडायच्या की प्लास्टरवाल्या काकांनी कानात बोटं घालावीत. ते काका जुने, साच्यांच्या टेबलावरचे. ते म्हणायचे, "आपल्या पगारात अर्धा भाग शिव्यांचा आहे बरं का."

कानसवाली रोज संध्याकाळी घरी गेली की वडील खाटेवरून विचारायचे, "आज कोण चाललं?" मग ती सांगायची. आज एक ड्रायव्हर चालला. आज सात वर्षांची चिमुरडी चालली, खिडकीशी पोचली आणि म्हणाली, पुन्हा. वडिलांना आता नीट दिसत नव्हतं, गुडघेही गेले होते, दिवसभर रेडिओ आणि भिंत. हा एक प्रश्न मात्र त्यांनी कधी चुकवला नाही.

चार महिन्यांपूर्वी नवी पद्धत आली. तिच्याबरोबर हा सुपरवायझर आला, छातीवर लटकवलेलं सेकंदाचं घड्याळ घेऊन. म्हणून त्याचं नाव पडलं घड्याळ. आधी तो बाटल्यांच्या कारखान्यात होता. बाटली कधी उलट बोलत नाही, त्यामुळे त्याचा सगळा अनुभव त्या बेतानंच तयार झालेला. त्यानं दोन आठवडे मापं घेतली, पायांची नव्हे, माणसांच्या वेळेची, आणि पायशाळेची चार टेबलं केली. एकावर फक्त साचे, दुसऱ्यावर फक्त सॉकेट, तिसऱ्यावर फक्त घासणं, चौथ्यावर फक्त पट्टे. माणसं अंगणापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत येणार, तिथला कारकून मापांचा फॉर्म भरणार, पाय खोक्यातून जाणार. पहिली फेरी बंद. एका फेरीला म्हणे अकरा मिनिटं जात होती.

पूर्वी दिवसाला सहा पाय व्हायचे, आता चौदा होऊ लागले. आणि हे सांगायलाच हवं, की पगार वाढला, नवे पंखे आले, चहा सुद्धा पिण्यासारखा झाला. तरी माणसं सुकत चालली. काकांनी आयुष्यात कधी सुट्टी घेतली नव्हती, त्यांना दर सोमवारी कंबर भरायला लागली. पट्टेवाल्या टेबलावर रोज कोणी ना कोणी कोणावर तरी खेकसायचं. कानसवालीला तर सकाळी साडेनऊलाच वाटायचं, सहा कधी वाजणार. दिवसभर चौदा सॉकेटच्या कडा घासायच्या. कोणाच्या? नंबर अमुकच्या. नंबराला चेहरा असतो का कधी?

चूक वरच्यांच्याही लक्षात आली, नाही असं नाही. त्यांनी मुख्य कचेरीतून एक मुलगी पाठवली. हुद्दा काय, तर आनंद अधिकारी! चोवीस-पंचवीसची, मनानं चांगली, सतत हसणारी. तिचं नाव लगेच हसरी ठेवलं गेलं. हसरीनं तीन तोंडांचं यंत्र आणलं, खिडकीत कुंड्या ठेवल्या, सकाळी दहा मिनिटं खोल श्वास घ्यायला लावलं, वाढदिवसाला टाळ्या सुरू केल्या. काका म्हणाले, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

हसरी प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायची, तुम्हाला इथे काय खुपतं? कानसवालीची पाळी आली.

"मी ज्याच्यासाठी हाडं मोडते तो माणूस मला दिसत नाही," कानसवाली म्हणाली. "तो मला दाखवा. बास. कुंड्या घेऊन जा घरी."

हसरीनं मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'संवादाचा अभाव.' कानसवालीनं ते उलट्या बाजूनं वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

घरी काय सांगणार? फेरी बंद झाली त्या पहिल्या दिवशी वडिलांनी विचारलं, "आज कोण चाललं?" आणि तिच्या तोंडून भसकन निघून गेलं, "एक शाळामास्तर चालले. छान चालले. नमस्कार करून गेले." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला, मग काय, दुसऱ्या दिवशी नवरी चालली, तिसऱ्या दिवशी माळी. रोज बसमध्ये बसून ती माणूस रचायची. चार महिने तिनं बापाला खोटं सांगितलं आणि रोज ते तिला टोचलं. तीन तोंडांच्या यंत्रात या दुखण्याचं तोंड कुठे होतं?

आणि मग तीनशे अठरा नंबर परत आला.

परत आलेले पाय खोक्यात भरून टेबलावर यायचे, सोबत कारकुनाची चिठ्ठी. तीनशे अठराच्या चिठ्ठीवर होतं, 'टोचतो.' कानसवालीनं कड घासून दिली. तीन आठवड्यांनी पुन्हा, 'टोचतो.' पुन्हा घासलं. मग तिसऱ्यांदा परत आला. तिनं फॉर्म काढून पडताळला. डावा पाय, गुडघ्याखाली, उंची, वजन, सगळं बिनचूक. चारही टेबलांवर कोणाचा हात चुकला नव्हता. तरी पाय टोचतच होता.

चिडून तिनं सॉकेटच्या तळाशी बोट घातलं, तर आत कागदाची घडी. वहीचं पान, पेन्सिलीचं अक्षर.

'पाय बनवणाऱ्यांस. टोचतो हे खरं, पण सांगते ते कोणी लिहून घेत नाही. सपाट जमिनीवर सुद्धा मला सारखं चढ चढल्यासारखं वाटतं. मी इस्त्रीचं काम करते. दिवसभर उभं राहावं लागतं. आता स्टुलावर बसून करते, तर कॉलरी वाकड्या होतात आणि गिऱ्हाईक तुटतंय. या वेळेला नाही जमलं तर पाय परत करायचा ठरवलंय. मंगळवारी येईन.'

त्या दिवशी मंगळवारच होता.

कानसवालीनं कानस खाली ठेवली. पाय काखेत मारला आणि उठली.

"कुठे?" घड्याळ आडवा आला. टेबल सोडून पलीकडच्या इमारतीत जायला मनाई होती. तिला आधीच दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्या वेळी टेबल जाणार, हे त्यानं लेखी दिलं होतं. टेबल जाणार म्हणजे कानस जाणार, बापाची कानस! आणि उरलेला जन्म पॅकिंगमध्ये खोकी चिकटवत बसायचं.

"माणूस बघायला," ती म्हणाली.

"टेबल सोडलंत तर पत्र देईन."

"द्या की. पत्ता माहीत आहे माझा."

तिनं अंगण ओलांडलं तेव्हा ती घाबरली होती, उगाच कशाला शूर म्हणा. या कामावर घर चालत होतं. पण रागानं अंगाचा तिळपापड झाला होता आणि राग भीतीपेक्षा दोन बोटं उंच होता.

पलीकडे बाकावर कुबड्या टेकून एक बाई बसली होती. चाळिशीची, इस्त्रीची नेटकी साडी, हातावर जुन्या चटक्यांचे डाग. डाव्या बाजूला पदर नीट ओढून घेतलेला. कानसवालीनं ओळखायला क्षणही लावला नाही.

"इस्त्रीवाल्या ताई?"

बाईनं वर पाहिलं, मग काखेतल्या पायाकडे. "तुम्ही कोण?"

"मी तो टोचवणारी."

बाईला हसावं की भांडावं कळेना. कानसवाली तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि नजर सवयीनं खाली गेली. बाईच्या उजव्या पायात काळा चकचकीत बूट होता. टाच चांगली दोन बोटं उंच. डावा जोडीदार मांडीवरच्या पिशवीत.

"ताई, रोज हेच घालता?"

"छे हो! हे माझ्या जावेचे. एवढ्या मोठ्या ठिकाणी यायचं, चार शिकलेली माणसं असतात, म्हणून दर वेळी मागून आणते. रोज आपली सपाट चप्पल."

"मापाला आलात तेव्हा?"

"तेव्हाही हेच."

कानसवालीनं डोळे मिटून घेतले. झालं! फॉर्मवर बूट होते, म्हणून पाय बुटाच्या टाचेला बेतला. आणि बाई दिवसभर सपाट चपलेत उभी. टाच खाली गेली की सगळा पाय मागे कलतो आणि माणसाला आयुष्यभर डोंगर. चौघांनी चोख काम केलं होतं, आणि ते काम जावेच्या बुटाचं होतं. आणि हिनं काय केलं, तर दोनदा कड घासून सॉकेट आणखी ढिलं केलं. पूर्वी पहिला प्रश्नच हा असायचा, रोज पायात काय घालता? फॉर्ममध्ये त्या प्रश्नाला जागा नव्हती.

"चप्पल आणलीय?"

"आहे ना. परत जाताना रस्त्यात बदलते."

"चला माझ्याबरोबर."

दोघी अंगणातून आल्या, एक कुबड्यांवर आणि दुसरी पाय काखेत घेऊन. चारही टेबलांवरचे हात थांबले. चार महिन्यांत पहिल्यांदाच पायशाळेत कोणी पाय नसलेलं माणूस आलं होतं. काकांनी आपलं स्टूल पुढे सरकवलं. पट्टेवाल्या टेबलावरची एक बाई पाणी घेऊन आली. कानसवालीनं सॉकेटमध्ये मऊ पट्टी चिकटवली, पाय बसवला, सपाट चप्पल चढवली. घोट्यापाशी चार छोटे स्क्रू असतात. एक सैल केला, समोरचा आवळला.

"उठा. कुबड्या इथेच ठेवा."

"पडले तर?"

"मी आहे ना. माझ्यावर पडा."

आणि व्हरांड्याच्या दारात कानसवालीनं इस्त्रीवालीकडे तोंड केलं, हात पसरले आणि उलटं पहिलं पाऊल टाकलं.

घड्याळ तोवर पत्र छापून घेऊन आला होता. तो व्हरांड्यात नेमका मधोमध उभा राहिला, तिच्या पाठीमागे.

"बाई, ताबडतोब टेबलावर जा!"

"बाजूला व्हा साहेब," ती मान न वळवता म्हणाली. "मला मागचं दिसत नाही."

"मी काय सांगतोय?"

"ऐकू येतंय. दिसत नाही."

आणि ती येतच राहिली. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिची पाठ त्याच्या छातीवरच्या घड्याळाला टेकायला आली तसा तो एक पाऊल मागे सरला. मग आणखी एक. बाजूला झाला असता तर सुटला असता, पण बाजूला होणं म्हणजे हार, आणि मागे जाणं ही हार आहे हे त्याच्या लक्षातच आलं नाही. अशी ती वरात निघाली. पुढे इस्त्रीवाली, तिच्यासमोर उलटी कानसवाली, आणि तिच्याही मागे, हातात पत्र धरून, उलटा चालणारा सुपरवायझर. काका म्हणाले, "बघा, साहेब पण कारागीर झाले," आणि चार महिन्यांत पहिल्यांदा पायशाळा पोट धरून हसली.

कानसवाली हसली नाही. तिची नजर समोरच्या चेहऱ्यावर होती. सातव्या पावलाला त्या कपाळावर आठी आली. कानसवाली थांबली, वाकली, स्क्रू पाव फेरा फिरवला. पुन्हा. नवव्याला आठी गेली. बाराव्याला इस्त्रीवालीनं खाली जमिनीकडे बघणं सोडलं. तेराव्या पावलाला ती थांबली.

"चढ आहे का?" कानसवालीनं हळूच विचारलं.

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली. आणि मग तिचा बांध फुटला. "मुडदा पडो त्या कागद भरणाऱ्याचा! तीन महिने मला डोंगर चढवलात मेल्यांनो, आणि इथे चार स्क्रू? चार? माझी अर्धी गिऱ्हाइकं पळाली! आग लागो तुमच्या त्या फॉर्माला!"

ओरडत, रडत ती चालतच राहिली, बाविसाव्या पावलापर्यंत. घड्याळाची पाठ खिडकीला टेकली आणि एक कुंडी खाली पडून फुटली. तो एवढासा झाला होता. हातातलं पत्र आता कुठे ठेवावं हे त्याला समजत नव्हतं, तेव्हा कानसवालीनं वळून ते स्वतःच त्याच्या हातातून घेतलं.

"किती मिनिटं झाली साहेब?"

त्यानं नकळत घड्याळात पाहिलं. "नऊ."

"तीनदा परत आला तेव्हा किती गेली, ती पण लिहा."

दारात हसरी उभी होती, वही छातीशी धरून. ती हसत नव्हती. कानसवाली जवळून जाताना ती पुटपुटली, "ताई, मी तेव्हा चुकीचं लिहिलं."

"मग खोडा आणि नीट लिहा," कानसवाली म्हणाली. "आणि वर पाठवा. माझं नाव घालून."

पत्रात आधी बजावलं होतं तेच होतं. उद्यापासून पॅकिंग. टेबल आणि कानस जमा करणे. खाली सही करायची जागा होती. तिनं सहीच्या जागी ठळक लिहिलं, 'मान्य नाही. कानस माझ्या वडिलांची आहे, ती जमा होणार नाही.' आणि कानस फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. जाताना यंत्रापाशी ती थांबली नाही. तिच्या मागून काका आले, त्यांनी इकडे तिकडे न बघता, सुपरवायझरच्या नाकावर टिच्चून लाल बटण दाबलं. मग पट्टेवाली बाई आली.

घरी वडील खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. रेडिओ बंद केला.

"आज कोण चाललं?"

"इस्त्रीवाली," ती म्हणाली आणि खाली बसली. "सपाट चपलेत चालली. जावेच्या बुटावर माप गेलं होतं."

"शिवी घातली?"

"घातली. मुडदे पाडले, आग लावली."

म्हातारा इतका हसला की त्याला खोकला आला. ती पाठ चोळायला गेली, तर त्यांनी तिचा हात धरून ठेवला.

"चार महिन्यांनी खरं माणूस आणलंस पोरी," ते म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"तुझे ते शाळामास्तर, ती नवरी, तो माळी. सगळे मेले नमस्कार करून जायचे. तीस वर्षं चालवली मी माणसं. पहिल्या फेरीत नमस्कार कोण करतं?"

"मग बोलला का नाही?"

"तू माझ्यासाठी रचत होतीस. मी तुझ्यासाठी ऐकत होतो."

तिला रडू आवरेना. रडतच तिनं पिशवीतून कानस काढली आणि त्यांच्या हातात दिली. पत्राचं सांगितलं, टेबल गेल्याचं सांगितलं. ते बोटांनी कानशीचे दाते चाचपत ऐकत राहिले.

"पॅकिंगमध्ये काय करशील?"

"खोक्यावर नंबर लिहायला पेन देतात," तिनं पदरानं नाक पुसलं. "प्रत्येक खोक्यावर लिहीन. रोज पायात काय घालता? चढ वाटतो की उतार? टोचला तर चिठ्ठी पाठवू नका, स्वतः या. कानसवालीला विचारा."

"काढून टाकतील तुला."

"टाकू देत. तोवर जेवढे येतील तेवढे चालतील."

वडिलांनी कानस फडक्यात नीट गुंडाळली आणि तिच्या हातात परत दिली.

"उद्या विचारीन," ते म्हणाले. "आणि सांगशील तेव्हा शिवीसकट सांग."